फिटनेस बँड अकरा महिने वापरून: अँक्झायटी आणि ट्रॉमा असलेल्यांसाठी रिव्ह्यू

घेतल्यापासून पाचव्या दिवशी या बँडने मला रस्त्याच्या कडेला खाली बसवलं. मी अगदी सावकाश चालत होते, चालता चालता गाणं म्हणता येईल इतकं सावकाश, आणि सहज मनगटाकडे बघितलं तर हृदयाचे ठोके मिनिटाला १७८. बघितल्या बघितल्या पोटात गोळा आला, हातपाय गार, कानात धडधड, आणि झालं, पुढची वीस मिनिटं मी गुडघ्यात डोकं घालून बसून होते. जरा भानावर आल्यावर थेरपिस्ट मॅडमनी शिकवलेलं आठवलं, दोन बोटं मनगटावर ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजले, २७ आले, गुणिले चार म्हणजे १०८. ते सुद्धा एवढं सगळं घाबरून झाल्यावरचे. म्हणजे आरामात चालताना १७८ असणं पटण्यासारखंच नव्हतं, बँड चुकला होता, आणि त्याच्या चुकीवर माझ्या शरीराने खराखुरा पॅनिक अटॅक उभा केला होता.

तरीही अकरा महिने झाले, बँड वापरतेय, आणि आता तो नसता तर मी इतकं चालले नसते असंही म्हणेन. कसं काय ते सांगते. कंपनीचं नाव देत नाही कारण हे सगळे बँड थोड्याफार फरकाने सारखेच वागतात आणि माझा मुद्दा एका मॉडेलचा नाहीच. बॅटरी, स्क्रीन, पाण्यात चालतो का, यावर भरपूर रिव्ह्यू आहेत. पण ज्यांना स्वतःच्या छातीतल्या धडधडीचीच भीती वाटते त्यांनी हा घ्यावा का, यावर मला घेताना एक ओळ सुद्धा सापडली नव्हती.

आधी माझं थोडक्यात. अडीच वर्षांपूर्वी दुचाकीवर अपघात झाला, मागून गाडीने धडक दिली. हाडं तीनेक महिन्यांत जुळली, माणसं म्हणाली सुटलीस बाई, आणि त्यानंतर खरं सुरू झालं. झोपेत दचकून उठणं, मागून कुठलाही आवाज आला की अंग आकसून घेणं, आणि काहीही कारण नसताना येणारे पॅनिक अटॅक. डॉक्टरांनी पीटीएसडी सांगितलं, म्हणजे मोठ्या आघातानंतर (ट्रॉमानंतर) मनाला जडणारा आजार, औषध सुरू झालं, थेरपी सुरू झाली, आणि तिथून पुढे प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायला लागला: व्यायाम कर, बरं वाटेल. दादा म्हणायचा, "अगं नुसतं चालून ये गं अर्धा तास, कुणी काय डोंगर चढ म्हणतंय का तुला." त्याचं प्रेम मला कळायचं पण मी उठायचे नाही, आणि उठत नाही म्हणून स्वतःवर चिडायचे, आणि चिडून अजून उठायचे नाही.

आता यात लोकांना जे कळत नाही ते हे की आम्हाला आळस नसतो. जरा भरभर चाललं की काय होतं बघा: छाती धडधडते, श्वास वाढतो, घाम येतो, चेहरा गरम होतो, कधी पाय लटपटतात. पॅनिक अटॅकमध्ये काय होतं? छाती धडधडते, श्वास वाढतो, घाम येतो, चेहरा गरम होतो, पाय लटपटतात. शरीर दोन्ही वेळी एकच भाषा बोलतं, आणि ज्या मेंदूने ती भाषा एकदा मरणाच्या भीतीसोबत ऐकली आहे त्याला जिना चढणं आणि जीव धोक्यात असणं वेगळं कळत नाही. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं जे मॉडेल मांडलं ते नेमकं हेच सांगतं, शरीरातल्या साध्या संवेदनेचा माणूस भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढते, आणि चक्र फिरत राहतं. मॅडमनी मला हे कागदावर गोल काढून समजावलं तेव्हा मी त्या गोलाकडे बघून रडले, कारण दोन वर्षं मी स्वतःला निकम्मी समजत होते.

आणि हे काही आजचं नाही बरं का. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल जेकब दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ मध्ये लिहून ठेवलंय, हृदयात दोष सापडत नाही पण थोड्या श्रमाने सुद्धा धडधड, धाप, छातीत दुखणं. तेव्हा त्याला चिडखोर हृदय म्हणायचे, पुढे त्यालाच सैनिकाचं हृदय, आणि पहिल्या महायुद्धात श्रमाचा आजार अशी नावं पडली. मला हे वाचून फार धीर आला, की दीडशे वर्षांपूर्वी सुद्धा धडधाकट माणसं लढाईतून परत आल्यावर साध्या श्रमाला घाबरत होती आणि त्यांना कुणी आळशी म्हणून सोडून दिलं नव्हतं, एका डॉक्टरने बसून नीट लिहून घेतलं होतं.

बँडच्या आधी मी एका जिममध्ये चार दिवस गेले होते, त्यावर जास्त लिहीत नाही. दाराकडे पाठ करून उभं राहायला लागायचं, आवाज मोठा, आणि तिसऱ्या दिवशी ट्रेनरने न विचारता मागून येऊन खांदे सरळ केले. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण माझं अंग तासभर थरथरत होतं. चौथ्या दिवशी दारापर्यंत गेले आणि परत आले. ट्रेनर लोकांनी हे वाचलं तर एवढंच, हात लावायच्या आधी समोर येऊन विचारा, आणि नाही म्हटलं तर कारण विचारू नका.

तर मग बँड. दादानेच सुचवला, आकडे दिसले की हुरूप येतो म्हणाला. त्याला येतो. मला पहिल्या महिन्यात काय आलं ते सांगते.

सगळ्यात आधी अलर्ट. या बँडमध्ये, तुम्ही बसलेले असताना ठोके एका मर्यादेच्या वर गेले की तो थरथरतो आणि स्क्रीनवर लिहून येतं की तुमच्या हृदयाची गती जास्त आहे. मूळ उद्देश चांगला आहे, हृदयाचा त्रास असलेल्या कुणाला तरी त्याने वेळेत दवाखाना गाठता येईल. पण पॅनिक येतोय असं वाटत असताना, मी खुर्ची घट्ट धरून स्वतःला समजावत असताना, की काही नाही, हे फक्त घाबरल्यावर अंगात सुटणारं अड्रेनलिन आहे, जाईल, तेव्हा मनगटावर गुर्रर्र करून ते यंत्र सांगतं की गती जास्त आहे. आगीत तेल दुसरं काय. शिवाय ती थरथर अचानक येते. ट्रॉमामध्ये दचकणं हे लक्षणच असतं, आपली सिस्टीम सारखी पहाऱ्यावर असते, आणि अशा माणसाच्या अंगाला बांधलेली वस्तू न सांगता थरथरली तर काय होईल याचा विचार बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन मर्यादेचा अलर्ट बंद करा आणि थरथर पूर्ण बंद करा, अर्थात हृदयाचा खरा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

मग ती सलग दिवसांची मोजणी. रोज टार्गेट पूर्ण केलं की एक ज्योत पेटते आणि दिवस मोजत जाते. माझे २३ झाले होते, छान वाटत होतं खोटं कशाला बोलू. तेविसाव्या रात्री अपघाताचं स्वप्न पडलं, पहाटे तीनपासून जागी, दुसऱ्या दिवशी पडदे सुद्धा उघडले नाहीत. संध्याकाळी बँड म्हणतो शून्य. तेवीस दिवस जी बाई भीती अंगावर घेऊन बाहेर पडली तिचा हिशोब एका रात्रीत शून्य, आणि त्यानंतर मी अकरा दिवस गेलेच नाही, कारण आता काय, गेलंच सगळं, असं झालं. साध्या माणसाला हा खेळ पुढे ढकलतो, कबूल. पण आमच्या आजारात वाईट दिवस येणारच असतात, ते ठरलेले असतात, फक्त तारीख माहीत नसते. जी वस्तू वाईट दिवसाची शिक्षा देते ती आम्हाला थांबवते. माझ्या बँडमध्ये ही ज्योत लपवता येते, तीन मेनू आत आहे, शोधून लपवा.

दहा हजार पावलांचं टार्गेट तर आधीच भरून आलेलं असतं. मला वाटायचं यामागे काहीतरी मोठं वैद्यकीय संशोधन असेल. नंतर कळलं की हा आकडा जपानमधल्या १९६५ च्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. ते विकायला सोपं नाव होतं, आणि तो आकडा पुढे जगभर चिकटला. २०१९ मध्ये सोळा हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांवरचा एक अभ्यास आला, त्यात रोज साधारण ४४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण सुद्धा अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि ७५०० च्या आसपास तो फायदा स्थिरावला. मी माझं टार्गेट तेव्हा १५०० वर आणून ठेवलं, कुणी हसलं तर हसू दे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये एक फार मोलाची गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हे तर आहेच, पण सलग निदान दहा मिनिटं केलं तरच धरायचं ही जी आधीची अट होती ती त्यांनी काढून टाकली. म्हणजे माझी चार मिनिटं मोजली जातात. ज्या दिवशी चार मिनिटंच जमतात त्या दिवशी हे वाक्य मी मनात म्हणते.

स्ट्रेस स्कोअर नावाचा प्रकार बंदच करा, चर्चा नको. तो ठोक्यांमधल्या वेळेच्या चढउतारावरून काढतात, आणि त्याला जिना, कॅफीन, आनंद आणि भीती यातला फरक कळत नाही. एकदा मी बहिणीशी फोनवर पोट धरून हसत होते, स्कोअर ८७, खाली सूचना की थोडं शांत व्हा. अडीच वर्षांत मी अशी हसले नव्हते.

त्यात श्वासाचा एक मिनिटाचा व्यायाम आहे, गोल मोठा होतो तसा श्वास घ्या, लहान होतो तसा सोडा. हा पुष्कळांना आवडतो. मला श्वासावर लक्ष दिलं की छाती आवळल्यासारखी होते, मॅडम म्हणाल्या ट्रॉमा असलेल्या बऱ्याच जणांना असं होतं, डोळे मिटून आत बघण्यापेक्षा डोळे उघडे ठेवून बाहेरच्या पाच वस्तू बघणं जास्त झेपतं. तर ज्यांना तो गोल बघून बरं वाटत नाही त्यांनी आपल्यात काही बिघाड आहे असं समजू नका. झोपेचा स्कोअर पण सकाळी बघायचा नाही, आधीच झोपेची धास्ती, त्यात उठल्या उठल्या मार्क कशाला.

आता त्या १७८ कडे परत येते, कारण हे कळल्याशिवाय बँड वापरूच नये असं माझं मत आहे. बँडच्या मागे हिरवा दिवा असतो, तो कातडीवर प्रकाश टाकतो आणि रक्त येण्याजाण्याने परत येणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो त्यावरून ठोके ओळखतो. चालताना हात हलतो, पट्टा सैल असला की बँडही हलतो, आणि मग ते यंत्र ठोक्यांऐवजी पावलांचाच ताल पकडून बसू शकतं, नाहीतर भलताच आकडा दाखवतं. जरा भरभर चाललं की पावलांचा ताल मिनिटाला शंभराच्या वर जातो, त्यामुळे आकडा उगाच उंच दिसू शकतो. थंडीत हात गार असले, पट्टा सैल असला, त्या जागी टॅटू असला तरी गडबड होते. उपाय: पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असा. आणि आकडा विचित्र दिसला तर थांबून बोटांनी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, कायम बोटांवर विश्वास ठेवायचा, बँडवर नाही.

आणि ते जे रंगीत झोन दाखवतात, हिरवा पिवळा लाल, ते २२० वजा वय या सूत्रावर उभे असतात. माझं वय ३८, म्हणजे कमाल १८२. हे सूत्र सरासरी आहे, एकेका माणसात दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे लाल रंग दिसला म्हणजे धोका असं अजिबात नाही. अँक्झायटीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी वाढतात आणि हे झोन तुम्हाला लागूच होत नाहीत. त्यापेक्षा बोलून बघायची कसोटी चांगली: पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही म्हणजे मध्यम व्यायाम. गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने केलेली ६ ते २० ची मोजपट्टी पण मॅडमनी शिकवली, ६ म्हणजे काहीच श्रम नाही, २० म्हणजे जीव तोडून. सहापासून का सुरू तर आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाचे ठोके साधारण निघतात. मी ११ ते १३ मध्ये राहते. यात मी ठरवते की मला किती वाटतंय, मनगटावरचं यंत्र ठरवत नाही, आणि जिच्या बाबतीत एकदा सगळंच दुसऱ्याच्या हातात गेलं होतं तिला हा फरक फार मोठा असतो.

इथपर्यंत वाचून वाटेल ही बाई बँड घेऊ नका सांगतेय. मीही दीड महिन्यानंतर तो कपाटात टाकला होता. काढला तो मॅडममुळे.

थेरपीत त्यांनी माझ्याकडून एक गोष्ट करून घेतली, जागेवर एक मिनिट धावायचं, मुद्दाम धडधड आणायची, आणि मग काहीही न करता उभं राहायचं. पाणी प्यायचं नाही, खिशातल्या गोळीला हात लावायचा नाही, नाडी बघायची नाही, फक्त ती धडधड आपोआप जाऊ द्यायची. याला शरीरातल्या संवेदनांचं एक्स्पोजर म्हणतात आणि पॅनिकच्या उपचारात हे मानलेलं तंत्र आहे, पण आधी डॉक्टरांकडून तपासून, माझा ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं झालं होतं. श्रम करताना छातीत दुखत असेल, चक्कर येऊन शुद्ध जात असेल तर ते अँक्झायटीच्या नावावर टाकून चालायला जाऊ नका, आधी तपासा, हे मी कळकळीने सांगते.

पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं मी तिथेच कोसळणार. चार मिनिटांनी धडधड गेली. मी म्हटलं, "मॅडम पण मला वाटतं ती जातच नाही कधी." त्या म्हणाल्या, "तुम्ही दरवेळी चढताना बघता. उतरताना कधी बघितलंय का?"

नव्हतं बघितलं. धडधड सुरू झाली की मी थांबायचे, बसायचे, फोन करायचे, घरी पळायचे, नाडी चाचपायचे, आणि या सगळ्या धावपळीत ती कधी उतरली हे मला कधीच दिसलं नव्हतं. माझ्या मेंदूत चढणीच्या हजार आठवणी आणि उतरणीची एकही नाही.

त्या दिवशी घरी येऊन बँड कपाटातून काढला आणि आमचं असं ठरलं: बँड फक्त चालतानाच हातात. बाकी दिवसभर नाही, झोपताना तर नाहीच. स्क्रीन मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवायची म्हणजे सहज नजर जाणार नाही. चालताना बघायचं नाही. चालून थांबले की एकदा बघायचं आणि दोन मिनिटं तिथेच उभं राहून परत एकदा. बस. दोन आकडे, वहीत लिहायचे.

पहिल्या दिवशी १२४ आणि दोन मिनिटांनी ११९. मी वहीत बघत बसले. पाचच ठोके, पण खाली. दुसऱ्या दिवशी १२६, ११५. एका दिवशी मागून हॉर्न वाजला, मी अक्षरशः उडी मारली, थांबून बघितलं १३८, माझा जीव घाबरा, पण ठरलं होतं म्हणून तिथेच उभी राहिले, पाय जमिनीला टेकलेले आहेत एवढंच मनात म्हणत, आणि दोन मिनिटांनी १११. हॉर्ननंतरची धडधड सुद्धा उतरते. हे मला तोपर्यंत कुणी पटवू शकलं नव्हतं, औषधाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मॅडमनी सांगितलं होतं, दादाने तर शंभर वेळा, पण माझ्याच मनगटावरच्या आकड्याने सांगितलं तेव्हा कुठे आत गेलं. आता साधारण १२५ वरून ९५ च्या आसपास येतो. त्यात थोडा वाटा तब्येत सुधारल्याचा आहे, थोडा भीती कमी झाल्याचा. तुमचा किती उतरायला पाहिजे ते शोधायला बसू नका, आकडे जुळवणं हा आपल्यासाठी नवीन घोर होतो. खाली जातोय ना, एवढंच बघायचं.

यातला धोका पण सांगते कारण मी त्यात पडले होते. मध्ये एक काळ असा आला की बँडशिवाय पाऊल बाहेर टाकवेना. चार्जिंग संपलं तर चालणं रद्द. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या हीच गोळी, हीच पाण्याची बाटली, फक्त मनगटावर आली. भीतीने धरलेली काठी. म्हणून आता आठवड्यातले दोन दिवस मी मुद्दाम बँड घरी ठेवून जाते. ते दिवस अजूनही जड जातात, पण जाते.

चालण्याच्या बाबतीत ज्या बाकीच्या गोष्टींनी फरक पडला त्या कुठल्याच ॲपने सुचवल्या नव्हत्या. मी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूने चालते म्हणजे मागून काही येणार नाही. एकाच कानात हेडफोन. घराभोवती लहान गोल मारते, एक फेरी पाच मिनिटांची, म्हणजे कुठल्याही क्षणी घर अडीच मिनिटांच्या पलीकडे नसतं. ॲप सारखं म्हणतं आज नवीन रस्ता करून बघा, कंटाळा घालवा. मला कंटाळा हवा आहे हो. ओळखीचा, रोजचा, काहीही न घडणारा रस्ता हवा आहे. दर महिन्याला मी तो गोल थोडा मोठा करते, स्वतःच्या मर्जीने, आणि ज्या महिन्यात जमत नाही त्या महिन्यात नाही करत.

आणि दादा. त्याला मी ॲपमधून काढलं, कारण त्यात एकमेकांची पावलं दिसतात आणि तो रात्री मेसेज करायचा, "आज कमी झाली गं." त्याला वाईट वाटलं सुरुवातीला. मग मी त्याला म्हटलं, "तू मोजू नकोस, तू सोबत ये." आता रविवारी तो येतो, माझ्या डाव्या बाजूला अर्धं पाऊल मागे चालतो, कारण मागची बाजू झाकलेली असली की मला बरं वाटतं हे त्याने स्वतःहून ओळखलं. तो गप्पा मारतो, वेग माझा असतो. डेसी आणि रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेच्या मुळाशी तीन गरजा सांगितल्यात: आपलं आपण ठरवणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. मला ज्या दिवशी ही तिन्ही मिळतात त्या दिवशी कुणी ढकलावं लागत नाही. बँड यातली फक्त मधली गोष्ट थोडीफार देऊ शकतो, आणि चुकीच्या सेटिंगवर असला तर ती सुद्धा काढून घेतो.

व्यायामाने औषध सुटतं का असं मला आत्तापासूनच दोघीतिघींनी विचारलंय म्हणून हे लिहिते. १९९८ मध्ये पॅनिक डिसऑर्डर असलेल्या ४६ लोकांवर एक अभ्यास झाला होता, काहींना १० आठवडे धावायला लावलं, काहींना क्लोमिप्रामिन हे औषध, काहींना नुसती साखरेची गोळी. धावणाऱ्यांना साखरेच्या गोळीपेक्षा नक्की जास्त फायदा झाला, पण औषधवाल्यांना त्याहून लवकर आणि जास्त झाला. आणि धावणाऱ्या गटातले जवळजवळ एक तृतीयांश लोक मध्येच सोडून गेले, औषधाच्या गटातलं कुणीच नाही. तो सोडून गेलेला एक तृतीयांश वाचला तेव्हा मला त्या माणसांना भेटावंसं वाटलं. मी माझं औषध चालू ठेवून चालते, आणि कमी करायचं तेव्हा डॉक्टर करतील.

तर घ्यावा का? पॅनिक अगदी ताजा असेल, दिवसातून वीस वेळा नाडी बघायची सवय असेल, तर आत्ता घेऊ नका, तो ती सवय शंभरवर नेईल. थेरपी चालू असेल, कुणीतरी जाणतं सोबत असेल, तर त्यांना दाखवून घ्या. भरपूर फीचरवाला महागडा बिलकुल नको, जितकं जास्त तो बोलेल तितका आपल्याला त्रास. मी पाचपैकी साडेतीन स्टार देते, त्यातला दीड कापला तो थरथरीसाठी आणि त्या ज्योतीसाठी.

विकत घेताना एक नक्की विचारा, प्रत्येक अलर्ट वेगवेगळा बंद करता येतो का. मी आधी आणलेल्या एका बँडमध्ये थरथर बंद करायची तर सगळंच बंद व्हायचं, चालणं मोजायचं पण थांबायचं, तो तिसऱ्या दिवशी परत केला. विकणाऱ्याला माहीत नसेल तर तिथेच उघडून सेटिंग दाखवायला सांगा, लाजू नका, आणि बंद झाल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावरच हातात बांधा.